बाबांचा खुबा आणि तुझा पेपर

२७ मार्च

रूलिना,

फोन तू उचलत नाहीस, ईमेलला तुझ्या विद्यापीठाचं यंत्र उत्तर देतं, म्हणून टपालाने लिहितेय. माझं अक्षर बघून पाकीट फाडणार असशील तर आधी एवढं वाच. बाबा जिवंत आहेत, चालतायत, जेवतायत, आणि तरी रोज सकाळी उठून मी आधी भरती-ओहोटीचा तक्ता बघते.

फेब्रुवारीत त्यांचा उजवा खुबा बदलला. धातूचा बसवलाय. तुला कळवायचं नाही अशी ताकीद होती. "तिला मोजायला आणखी एक म्हातारा कशाला द्यायचा," असं त्यांचं म्हणणं. ऑपरेशन छान झालं, कुबड्या गेल्या, काठीही गेली. इथवर सगळं ठीक. पण चार मेला मोसमातली पहिली फेरी आहे. ओहोटीला समुद्राचा तळ उघडा पडला की पाहुण्यांना घेऊन चालत बेटावर जायचं, जसे ते चाळीस वर्षं जातायत. चौदा जणांनी नावं दिलीयत. वाटाड्या म्हणून बाबांचं नाव लागलंय, एकाहत्तराव्या वर्षी, ऑपरेशनला तीन महिने होतायत न होतायत तोवर.

वाटेतल्या दुसऱ्या घळीच्या अलीकडचा रेंदा, तो मऊ चिखल, तुला आठवत असेल. तुझा एक बूट तिथे कायमचा गेला. पाय मांडीपर्यंत रुतला की तो कसा उपसायचा ते त्यांनीच आपल्याला शिकवलं: गुडघा छातीकडे ओढायचा, चवडा आत वळवायचा आणि हिसका द्यायचा. आता माझी फिजिओची पदवी आठव आणि तुझी पण आठव. नव्या खुब्याला या तीनही गोष्टी एकदम केलेल्या चालत नाहीत. तिथे तो निखळला तर बाबा जागचे हलू शकणार नाहीत. मागे चौदा परके लोक, त्यांना वाट माहीत नाही, आणि पाणी परत यायला लागलेलं. मला एवढंच दिसतं. भांडी घासताना दिसतं, पेशंटच्या पाठीवर हात ठेवलेला असताना दिसतं.

मी जाऊ नका म्हटलं. तर त्यांनी खिशातून कागद काढला. तुझा पेपर, खुबा बदलल्यानंतरच्या बंद्यांवरचा. "माझ्या पोरीने लिहिलंय," म्हणाले. "वाकायला बंदी नाही, वळायला बंदी नाही. बंदी पाळणारे आणि न पाळणारे, दोघांत फरक नाही. वाच की, तुला इंग्रजी येतं ना?"

चार वर्षांत या घरात तुझं नाव पहिल्यांदा कौतुकाने निघालं, आणि निघालं ते माझं तोंड बंद करायला.

म्हणून विचारते. तुझ्या त्या अभ्यासात बाबांसारखं कुणी होतं का? सत्तरीपुढचं, चिखलात मांडीपर्यंत उतरणारं? आणि जे मधेच अभ्यास सोडून गेले, ते का गेले? नऊ जण आहेत तसे, मी मोजले. त्यांचे खुबे धड आहेत का हे कुणी फोन करून विचारलं होतं का?

फेन्ना


५ एप्रिल

रूलिना,

तुझं उत्तर नाही. ठीक. मी आता तुझा पेपर अख्खा वाचलाय, सारांश नव्हे, सगळा, तळटीपांसकट. वाचायच्या आधी बरी होते.

तो बाबांच्या हाती कसा लागला ते सांगते, म्हणजे तुला हसायला येईल. आम्ही या भागातले फिजिओ महिन्यातून एकदा जमतो. एकाने पेपर मांडायचा, बाकीच्यांनी त्याची हाडं मोकळी करायची, आणि निघताना पेशंटसाठी सोप्या भाषेत एक पान बनवायचं. ते पान सगळ्यांच्या दवाखान्यात भिंतीवर लागतं. जानेवारीत तुझा पेपर होता. मांडला वॉबेने. तू गेल्यावर माझ्या दवाखान्यात आलेला तो उंच मुलगा, बाबांचे व्यायामही तोच घेतो, कारण घरच्या माणसावर मी हात ठेवत नाही. त्या सभेत कॉफीबरोबर बिस्किटांचा डबा एकदा फिरतो आणि झाकण लागतं. तुझ्या पेपरचंही तसंच झालं. सारांश फिरला, झाकण लागलं. वॉबेने पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "खुबा बदलल्यावर वाकायला आता बंदी नाही." खाली तुझं नाव. आडनाव वाचून बाबा त्या पानासमोर किती वेळ उभे होते ते तिथे वाट बघत बसलेल्या बाईने मला सांगितलं. मग वॉबेकडून त्यांनी मूळ पेपर छापून मागून घेतला.

आता पहिल्या तक्त्यातली शेवटची ओळ. तुला पाठ असेल. तुझ्या अभ्यासातल्या एकूण एक माणसाचा खुबा पुढून उघडलेला. सगळ्यांचा. आणि आपल्याकडे, तुला तर माहीतच आहे, पुढून करणारा सर्जन नाहीच. इथे प्रत्येक खुबा मागून उघडतात, मागचे स्नायू कापून परत शिवतात, आणि ते धरेपर्यंत गुडघा छातीशी नेऊन पाय आत वळवला की सांधा मागच्या बाजूने सुटायची भीती असते. म्हणून तर त्या बंद्या. त्या सभेत आम्ही अकरा जण होतो. अकराही जण रोज मागून उघडलेले खुबे हाताळतो. कुणालाही विचारावंसं वाटलं नाही. मलाही नाही.

वॉबेला ती ओळ दाखवली तर त्याचे कान लाल झाले. त्याने भिंतीवरचं पान उतरवलं, घडी केली आणि कुठे टाकावं ते न कळून हातातच धरून बसला.

बाबांना सांगितलं. ते बटाटे सोलत होते. "पुढच्या दाराने आलं काय, मागच्या दाराने आलं काय, घर तेच ना?" म्हटलं, मागचं दार अजून नीट लागत नाही, बाबा. तर म्हणाले, "तू मालिशवाली. ती शास्त्रज्ञ. तिला जास्त कळतं का तुला?"

याला मी काय उत्तर देऊ, तूच सांग.

आणखी एक. बंदी पाळणाऱ्यांत दोघांचा खुबा निखळला, न पाळणाऱ्यांत तिघांचा. त्यावरून तू लिहिलंस, लक्षणीय फरक आढळला नाही. बरोबरच आहे, आढळला नाही. पण तूच दिलेली अंदाजाची दोन टोकं बघ. बंदी न पाळणाऱ्यांचा धोका पावपट असू शकतो आणि जवळजवळ नऊपटही असू शकतो. एवढ्या थोड्या निखळण्यांवरून याहून जास्त कळतच नाही. तू "आढळला नाही" लिहितेस, वॉबे "नाही" वाचतो, बाबा "जा" वाचतात. आणि मी नऊपट वाचते. नऊ सोडून मला काही दिसतच नाही.

फेन्ना


१६ एप्रिल

रूलिना,

शेडच्या मागे त्यांनी चिखल केलाय. खोटं वाटेल, पण खरं आहे. पालकाच्या वाफ्यात नळी सोडून ठेवली, फावड्याने खणलं, पुन्हा पाणी. आता गुडघाभर रेंदा आहे. रोज दुपारी कॅनव्हासचे उंच बूट घालून त्यात उतरतात आणि पाय उपसायचा सराव करतात. मी खिडकीत. मला बघून हात वर करतात. "निखळला का? नाही ना? लिहून घे."

शेजारचा हार्म कुंपणावर कोपर ठेवून बघत असतो. काल म्हणाला, "सीब्रांड, लग्नाला चाललास की काय, एवढी तयारी?" बाबा म्हणाले, "पोरीच्या पेपराचं प्रात्यक्षिक आहे हे. तिकीट लागेल."

हसले मी पण. मग खिडकीचा पडदा ओढला. आज निखळला नाही म्हणजे उद्या निखळणार नाही, असं तू तुझ्या विद्यार्थ्यांना कधी म्हणू देशील? गुडघाभर चिखलात, नळी बंद करता येते तिथे, जवळ घर आहे तिथे जे झालं नाही, ते मांडीभर चिखलात, दमल्यावर, भरतीची वेळ डोक्यात असताना होणारच नाही असं धरायचं?

वाटाड्यांच्या संघाचा माणूस आला होता. डॉक्टरांचं पत्र मागायला आला होता बिचारा. बाबांनी तुझा पेपर पुढे केला. त्याने शेवटचा परिच्छेद वाचला, लेखिकेचं नाव बघितलं, बाबांकडे बघितलं. "तुमचीच का?" बाबा म्हणाले, "थोरली." तेवढ्यावर काम झालं.

हे तुला सांगू नये असं मला वाटत होतं, पण सांगते. तो कागद ते शर्टाच्या खिशात ठेवतात. कपडे बदलले की या खिशातून त्या खिशात. घडीवर फाटत आला तर मागून पट्टी लावलीय. चार वर्षांपूर्वी नाताळच्या दिवशी भरल्या टेबलावर तुला जे म्हणाले ना, लोकांची दुखणी मोजून पोट भरतेस, एकाचं तरी दुखणं कमी केलंस का. त्यावर ते एक अक्षर बोललेले नाहीत, बोलणारही नाहीत. त्यांना ते येत नाही. त्यांना पाय उपसून दाखवता येतो, म्हणून ते पाय उपसून दाखवतायत. तू लिहिलंस ते खरं आहे हे त्यांना अख्ख्या किनाऱ्याला दाखवायचंय. त्यासाठी ते रेंद्यात उतरतायत, बेटासाठी नव्हे.

म्हणून माझं ऐकत नाहीत. म्हणूनच मला एवढी भीती वाटते.

(त्या नाताळला मी हसले होते असं तू तेव्हा म्हणाली होतीस. मला आठवत नाही. तोंडात घास होता.)

फेन्ना


२६ एप्रिल

रूलिना,

आता भांडण नको, मागणं आहे. त्यांना फोन कर. घरच्या फोनवर, दुपारी, ते चिखलातून आत आल्यावर. एवढंच सांग की हा पेपर तुमच्याबद्दल नाही. त्यांनी खुबा निखळण्याची गोष्ट माझ्याकडून दहादा ऐकली, वॉबेकडून ऐकली, सर्जनच्या नर्सने पण फोनवर सांगितली. माना डोलावतात आणि खिशावर थाप मारतात. ती थाप फक्त तूच थांबवू शकतेस.

मला माहीत आहे, हे सोपं नाही. चार वर्षांनी पहिला शब्द बोलायचा आणि तोही "नाही" असा. पण मी आता काम करू शकत नाही, गं. दिवसभर लोकांना सांगते, घाबरू नका, पाय टाका, काही होत नाही. आणि काल एका बाईला जिन्याची एक पायरी चढवताना मी तिचा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. तिने विचारलं, "तुम्हाला बरं नाही का?"

चार तारखेला सकाळी पाणी ओसरायला लागलं की ते निघणार. मी किनाऱ्याच्या बांधावर उभी राहून बघायचं का? दुर्बिणीतून?

फोन कर.

फेन्ना


२ मे

रूलिना,

तू फोन केलास. मी स्वयंपाकघरात होते, मोहरीचं सूप ढवळत होते, नाव ऐकून ढवळायची थांबले. तू काय बोललीस ते मला ऐकू आलं नाही. त्यांची बाजू सांगते.

"हो." मग खुर्ची ओढून बसले. "बरी आहे ती. इथेच आहे." मग "हो", "हो", "मागून, होय." मग त्यांनी खिशातून कागद काढला, चष्मा लावला आणि विचारलं, "मग मी कुठल्या गटात?" तू काहीतरी म्हणालीस. ते म्हणाले, "कुठल्याच नाही?" मग "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. नेहमी दणकन ठेवतात. या वेळी आवाज आला नाही.

सूप प्यायले. ब्रेड घेतला नाही. मग बाहेर जाऊन नळी गुंडाळली आणि चिखलावर फावड्याने माती ओढली. संध्याकाळी संघाच्या माणसाला कळवलं, दुसरा वाटाड्या बघा.

मी बाथरूममध्ये जाऊन रडले, सुटल्यासारखी. उपकार झाले तुझे. हे मी लिहून देते, कारण तोंडाने तुला कधी म्हणेन की नाही ठाऊक नाही.

फेन्ना


१९ मे

रूलिना,

हे पत्र लिहायचं नव्हतं. सगळं आवरलं असं तुला वाटू द्यायचं होतं.

बाबा उठत नाहीत. म्हणजे उठतात, पण खुर्चीतून संडासापर्यंत आणि परत. काठी पुन्हा काढली. काठी सुटून दीड महिना झाला होता. मोजे मला घालायला सांगतात. वाकू शकतात ते, वॉबेने बेताने शिकवलंय, सर्जननेही तपासून आता चालेल म्हटलंय. पण वाकत नाहीत. चमचा खाली पडला तर त्याच्याकडे बघत बसतात. पहिली फेरी बांधावरून गेली तेव्हा खिडकीकडे पाठ करून बसले होते. हार्म कुंपणावरून हाका मारतो, तर रेडिओचा आवाज वाढवतात. मी म्हटलं, बाबा, अंगणात तरी चला. म्हणाले, "अंगणाबद्दल काय लिहिलंय?"

वॉबे म्हणतो, मांडी बारीक व्हायला लागलीय. त्याने टेपने मोजलं नाही, मला दाखवलं फक्त. मला दिसतं. असे म्हातारे मी किती पाहिलेत. आधी चालणं कमी होतं, मग तोल जातो, मग ते घरात पडतात, आणि त्यांना न्यायला कुठल्याही भरतीची गरज लागत नाही.

मला जे हवं होतं तेच झालं. आणि आता मी त्याहून जास्त घाबरलेय. रेंद्यात एक धोका होता, खुर्चीत रोजचा आहे. तुझ्या पेपरात त्यांच्यासाठी "जा" नव्हतं, हे मी बरोबर वाचलं. पण "बसा" तरी कुठे होतं? ते मीच त्यात वाचलं. त्यांच्यासारख्यांचं काय होतं ते माहीत नाही, एवढंच त्यात होतं. मी त्या "माहीत नाही"चं "नाही" केलं, कारण मला भीती वाटत होती. वॉबेने सभेत जे केलं त्याचंच दुसरं टोक.

परवा वॉबे आणि मी बसून ठरवलं. सगळं नको, थोडं. बांधापासून पहिल्या घळीपर्यंत तळ कडक आहे, वाळूचा. तिथवर पाणी पूर्ण गेलेलं असताना, बाबांच्या दोन्ही बाजूंना आम्ही, मागे हार्म त्याची चिखलातली घसरगाडी घेऊन. रुतले तर पाय उपसायचा नाही, आडवं व्हायचं, आम्ही ओढू. दर आठवड्याला थोडं पुढे, किंवा मागे. दुसऱ्या घळीकडे या वर्षी नाहीच. यालाही पुरावा नाही. मी शोधला. तुझ्यापेक्षा कमी शोधला असेन, पण शोधला.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "रूलिनाला विचारलंस?"

म्हटलं, तुम्हीच विचारा. फोन पुढे केला, घेतला नाही. मग कागद-पेन ठेवलं समोर. आज सकाळी कागद उपडा पडला होता. मी वाचलेला नाही, शपथ. तसाच आत घालतेय.

फेन्ना


रूलिना,

फेन्ना म्हणते तुम्हीच लिहा. मला लिहायची सवय नाही, तुला माहीत आहे.

तू फोनवर म्हणालीस, बाबा, तुमच्यासारख्यांचं काय होतं ते मला माहीत नाही, तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं. त्यानंतर तू अजून काहीतरी बोलत होतीस, मी ठेवून दिला. ते काय होतं?

चाळीस वर्षं लोक माझ्या मागून चालले. पाणी कधी येणार, वाळू कुठे सरकली, हे मला दर वेळी माहीत असायचं असं नाही. पण माहीत नाही असं मी एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर घाबरले असते सगळे. घाबरलेला माणूस रेंद्यात वेडावाकडा पाय टाकतो. तू "माहीत नाही" म्हणालीस तेव्हा मला ते कळलं. तू माझ्यापेक्षा धीट आहेस.

मला भीती वाटते. पाण्याची नाही. खुब्याची थोडी वाटते, पहिल्यांदाच. पण जास्त वाटते ती अशी की मी फोन ठेवून दिला, म्हणून आता तू परत करणार नाहीस.

फेन्ना आणि तो उंच पोरगा मला पहिल्या घळीपर्यंत न्यायचं म्हणतात. शनिवारी सकाळी ओहोटी आहे. मी जाऊ का?

माहीत नसेल तर माहीत नाही म्हण. पण फोन करून म्हण. या वेळी मी ठेवणार नाही.

बाबा